पांढऱ्या भुकटीवर तेलाचा थेंब

तीस वर्षे कारखान्यातल्या तेलवाल्याने भट्टीत जाणाऱ्या गाड्याच्या चाकांना पूजेच्या निष्ठेने तेल घातले. पण भट्टीच्या आचेत तेल जळे आणि चाके अडत. म्हणून त्याच्या इंजिनिअर लेकीने सिरॅमिकची पांढरी भुकटी आणली. तिचे पातळ थर एकमेकांवरून अलगद सरकत आणि आचेतही जळत नसत.

चाचणीच्या दिवशी मात्र गाडा जागीच अडला.

"भुकटी फसली," कारखान्याचे साहेब म्हणाले. लेकीचा चेहरा उतरला.

तेलवाला पुढे झाला. "भुकटीचा दोष नाही, साहेब. मीच गुपचूप वरून थेंबभर तेल सोडलं, त्याचं डांबर झालं. कोरडं चाक बघवेना हो!"

"बाबा, गप्प बसा! नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे गं. तुझं काम खोटं नको ठरायला."

साहेबांनी त्याला तिथेच कामावरून काढले. मग चाके धुऊन पुन्हा भुकटी चोळली. गाडा निःशब्द आत गेला. उद्यापासून घरी बसणारा बाप टाळ्या वाजवत राहिला. त्याच्या डोळ्यांचे पाणी मात्र खळेना.