नणंदबाईंची खुर्ची

माझ्या नणंदबाईंच्या तोंडी लागायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. सगळी नोकरी त्यांनी बसच्या आरक्षण खिडकीवर काढली. ‘नाही’ म्हणताना त्यांची पापणीही लवायची नाही. मी नेमकी उलटी. दारात येईल त्याला ‘या’च म्हणणारी.

माझ्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि जखम चिघळली. तपासणीत कळलं, हे जंतू नेहमीच्या औषधांना दादच देत नाहीत. एकच औषध उरलं होतं आणि त्याचीही खात्री डॉक्टर देत नव्हते. ह्यांना वेगळ्या खोलीत हलवलं. आत जाताना गाऊन आणि हातमोजे, बाहेर येताना साबणाने हात. आणि आत घरचं एकच माणूस.

बातमी फुटली तशी नातेवाइकांची रीघ लागली. “आम्हाला नाही कसली भीती,” म्हणत जो तो आत शिरायचा, पलंगावर बसायचा, ह्यांच्या कपाळावर हात ठेवायचा. नर्स ओरडून दमली. मला तर कुणाला नाही म्हणवेना. थोरले काका तसेच उठून पलीकडच्या वॉर्डात ओळखीच्या बाळंतिणीला भेटायला निघाले, तरी मी गप्पच.

नणंदबाई, आमच्या ताई, तेवढ्यात जिना चढून आल्या.

“काका, आधी हात धुवा.”

“अगं, मला काही होत नाही!”

“तुम्हाला नाहीच होणार. तुमच्या हातावरून त्या बाळाला होईल. त्याला मग कुठलं औषध द्यायचं?”

काकांनी हात धुतले आणि पाय आपटत घर गाठलं. ताईंनी खुर्ची ओढून दारातच ठाण मांडलं. मग ह्यांचे साहेब आले, तेही काचेतूनच हात हलवून परत गेले. ताई मला म्हणाल्या, “तू आत बस त्याच्याजवळ. बाहेरचं मी बघते.” सख्ख्या बहीण त्या, पण आतली एकमेव जागा त्यांनी मला दिली. त्यांच्या त्या फटकळ तोंडाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

औषध लागू पडलं. हे घरी आले. ते बाळही कधीच घरी गेलं असेल, ठणठणीत. त्याला जे झालंच नाही, त्याबद्दल आभार मानायला कोण येणार? आमच्याकडे आले ते रुसलेले नातेवाईक. सगळे ह्यांच्याभोवती, ताईंशी मात्र कुणी अक्षर बोलेना. शेवटी काकांनी तोंड उघडलं.

“सूनबाई, तुझ्या नणंदेनं आम्हाला दारातून हाकललं!”

ताई उत्तर द्यायला सरसावल्या, पण भावाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. काकांपुढे आजवर माझा आवाज चढला नव्हता.

“काका, ताईंना तिथं मीच बसवलं होतं. रागवायचं तर माझ्यावर रागवा.”

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग काकांकडे वळून, अगदी गरिबासारखा चेहरा करून म्हणाल्या, “हिचा हुकूम होता, काका. मी कशी मोडणार?”