अक्कांनी दाखवलेली लेणी

लग्नानंतर आठ महिन्यांनी मी साताऱ्याहून धाराशिवला आले. यजमानांना तिथल्या शाळेत गणिताच्या मास्तराची नोकरी मिळाली होती. बार्शी मागे पडली की इंग्रजी मुलूख संपायचा आणि निजामाचं राज्य लागायचं. नाक्यावर शिपायांनी माझी ट्रंक उघडून लुगड्यांच्या घड्यासुद्धा उलगडून पाहिल्या, तेव्हाच आपण परदेशी निघालोय हे मला कळलं. गावात पाट्या उर्दूत. मराठी सातवी पास असूनही कापडाचं दुकान कुठलं आणि औषधाचं कुठलं, हे आत डोकावल्याशिवाय मला समजेना. त्यामुळे पहिले दोन महिने मी उंबरा फारसा ओलांडलाच नाही.

शेजारी एका लिंगायत किराणा व्यापाऱ्याचं घर होतं. त्यांच्या बायकोला सगळी आळी अक्का म्हणायची. अक्का चाळिशीच्या, ठसठशीत आवाजाच्या. संक्रांत झाल्यावर एके दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या, "मास्तरीणबाई, निसतं घरात बसून कसं व्हायचं? उद्या तुमाला लेणी दावते. डोंगर कोरून देव केलेत, लई बघण्यासारखं हाय."

सकाळी त्यांची बैलगाडी जुंपली. बरोबर धपाटे, दही, शेंगांची चटणी आणि पाण्याची कळशी. म्हातारे गाडीवान काका हाकायला. शेतांत ज्वारीची कणसं भरली होती. अक्का वाटेत लेण्यांविषयी इतकं रंगवून सांगत होत्या, की खांब किती जाड आहेत हे दोन्ही हात पसरून दाखवताना त्या एकदा गाडीतून पडता पडता वाचल्या.

डोंगराशी काकांनी बैल सोडले. "गाडी इथवरच. पुढं पायवाट हाय," म्हणाले आणि लिंबाखाली आडवे झाले.

धपाट्यांचं गाठोडं घेऊन आम्ही निघालो. पुढे वाटेला दोन फाटे फुटत होते. अक्का क्षणभर थबकल्या आणि उजवीकडच्या उताराला वळल्या. आम्ही उतरत राहिलो. बोरीचे काटे पदराला ओढत होते. खाली एक कोरडा ओढा लागला आणि वाट तिथंच संपली. तिथं एक धनगर बाई शेळ्यांसाठी पाला तोडत होती. ती आमच्याकडे बघतच राहिली.

"इकडं कुठं आलाव? लेणी वरल्या अंगाला ऱ्हायली की!"

मी अक्कांकडे पाहिलं. त्या एका दगडावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसू लागल्या.

"म्या बी कवा बघितली न्हाईत," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हणजे? मग ते खांब?"

"गिऱ्हाइकं बोलत्यात, त्ये ऐकलेलं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "धा वर्साची हुते, तवा या गावात आले. कानडी मुलखातून. मराठीचा एक शबुद येत न्हवता. तीस वर्सं झाली, घर आन् दुकान. मला कोण दावणार? तुमी आलाव, मनलं आता तरी बघून घ्यावं."

रागवायचं की काय करायचं, मला कळेना. पण धनगर बाईच आधी हसली, मग अक्का, आणि मग मलाही आवरेना. बाईनं शेळ्या तिथंच सोडल्या आणि आम्हाला लेण्यांच्या तोंडाशी नेऊन पोचवलं.

आत एकदम गार लागलं. खांब खरंच जाड होते; अक्कांनी एकाला मिठी मारून पाहिली, हात पोचेनात. आतल्या गाभाऱ्यात मांडी घालून बसलेली भली मोठी मूर्ती होती.

"ह्यो कोणचा देव?"

"जैनांचा, अक्का. माझ्या माहेरी शेजारी जैन होते, त्यांच्या देवळात अशीच मूर्ती होती."

त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि मूर्तीलाही मनापासून हात जोडले. मग मोठ्या दालनाच्या मधोमध उभं राहून त्यांनी जोरात हाक मारली, "अव्वा!" दगडांतून ती हाक परत आली. कानडीत आईला अव्वा म्हणतात. त्यांनी पुन्हा मारली. डोळे भरले होते, पण चेहरा हसरा होता.

"तुमी बी मारा की!"

मी लाजले. मग मीही "आई!" म्हणून ओरडले. साताऱ्याहून निघाल्यापासून मी इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते. बाहेर धनगर बाई खो खो हसत होती. तिला बोलावून आम्ही तिघी लेण्याच्या पायरीवर धपाटे खायला बसलो.

परतताना काकांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून हरभऱ्याचे डहाळे उपटून आणले. ते सोलत सोलत अक्का मला कानडी शिकवू लागल्या. झाडाकडे बोट करून म्हणाल्या, "मर." मर म्हणजे झाड. पाणी म्हणजे नीरु. बैलांना एत्तु म्हणायचं. माझा उच्चार ऐकून काका म्हणाले, "बैलाला बी कळंना, बाई, तुमी काय मनलाव ते!"

मी पुन्हा म्हणाले, "एत्तु." अक्कांनी मान हलवली. तिसऱ्यांदा मात्र त्या "आत्ता बराबर!" म्हणाल्या आणि सोललेले दाणे त्यांनी माझ्या ओंजळीत घातले. गावात शिरलो तेव्हा घरोघरी दिवे लागत होते.