ग्लॅडिसच्या हातात एलिनेडचा मोजा

नदीकाठचा पत्र्याचा कारखाना बंद पडून एक पिढी उलटली, तेव्हा कुठे गावाला त्याचं प्रेम आलं. जुन्या शेडचं संग्रहालय झालं. उद्घाटनाला नगराध्यक्ष येणार आणि चिकटलेले पत्रे बायका कशा सोडवत, ते ग्लॅडिस करून दाखवणार, असं ठरलं.

एलिनेडच्या अंगाचा तिळपापड झाला. दोघी वर्षानुवर्षं एकाच बाकाशी शेजारी उभ्या राहिलेल्या. लाटून आलेल्या पत्र्यांची चळत हातमोज्यात शिवलेल्या शिशानं ठोकायची, कोपरा उचकटायचा आणि एकेक पत्रा ओढून सुटा करायचा. या कामात एलिनेडचा हात कुणी धरू शकत नसे. पण चॅपलमध्ये गाण्याची पहिली ओळ ग्लॅडिसची, मुकादमाचं हसू ग्लॅडिसला आणि आता हेही तिलाच!

समारंभात काचेच्या पेटीतला मोजा काढून ग्लॅडिसला दिला. एलिनेडनं तो लांबूनच ओळखला. तिचाच होता, भाच्यानं अडगळीबरोबर देऊन टाकलेला. मोजा घालणारीच्या हाताचा आकार घेतो, म्हणून दुसरीचा मोजा त्या शेडमध्ये कुणी चुकूनही घालत नसे. एका शब्दानं ग्लॅडिसला सावध करता आलं असतं. एलिनेड मांडीवर पर्स घेऊन गप्प बसली. होऊ दे फजिती.

ग्लॅडिसनं ठोकलं. पत्रा हलेना. पुन्हा ठोकलं. नगराध्यक्ष गळ्यातली पदाची साखळी चाचपू लागले. एलिनेडला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

तेवढ्यात ग्लॅडिसनं मोजा उलटून पाहिला आणि हसत ओरडली, "अगं एलिनेड, हा तर तुझा! ही अंगठ्याजवळची शिवण तुझीच. ऊठ बाई, हा माझं काय ऐकणार?" मग लोकांकडे वळून म्हणाली, "पत्रे सोडवावेत ते हिनंच. मी आपली गाणी म्हणायचे."

एलिनेड उठली. पहिल्याच ठोक्याला कोपरा सुटला, पत्रा खाडकन मोकळा झाला. टाळ्यांनी शेड दणाणली.

चहाच्या वेळी मनुकांचा पाव वाढताना ग्लॅडिसनं विचारलं, "मी घालत होते तेव्हा ओळखला नाहीस का गं?"

"एवढ्या लांबून दिसतंय कुणाला!"

"तेच म्हटलं. ओळखला असतास तर लगेच सांगितलं असतंस."

आवाजात टोमणा नव्हता आणि तेच एलिनेडला सोसेना. टाळ्या तिला मिळाल्या खऱ्या, पण दारातून बाहेर पडणारा जो तो म्हणत होता, ग्लॅडिसचं मन किती मोठं! निदान चांगुलपणा तरी त्या बयेनं आपल्यासाठी सोडायचा होता.