काकींचा फोटो

नववीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून मी गोरव्यातल्या एका फोटो स्टुडिओत एडिटिंग करतो. मला चार लोकांत बोलायला जमत नाही, त्यामुळे ऐकलेलं आणि पाहिलेलंच साठत गेलं. आमच्याकडे निम्मं काम गेलेल्यांच्या फोटोंचं. किस्सेही तसलेच!

*

एक बाई नवऱ्याचं जुनं आय-कार्ड घेऊन आल्या. दुसरा फोटोच नव्हता. गालावरचा शिक्का मी पुसला, त्यात तीळही गेला. मोठा केलेला फोटो पाहून बाई हळूच म्हणाल्या, "छान आहे हो. पण हे कोण?"

*

बहुतेक लोक लग्नातला ग्रुप फोटो आणतात. त्यातून आपला माणूस कापायचा, मागे आकाशी रंग टाकायचा, हार चढवायचा. खांद्यावर दुसऱ्या कोणाचा हात असला तर तो पुसायचा. आमचा व्हिडिओ शूटिंगवाला हितेशभाई म्हणतो, "अरे भाई, तू तर यमाचा असिस्टंट!"

*

त्यानेच एकदा जेवताना एक डॉक्युमेंटरी लावली. एका परदेशी फोटोग्राफरने बायकोच्या आजारपणाचे, अगदी शेवटच्या दिवसापर्यंतचे फोटो काढून प्रदर्शन भरवलं होतं. त्यावरून मोठा वाद झाला होता. हितेशभाई उखडला, "शरम नथी आवती याला?"

मला ते फोटो खरे वाटले.

मालक दत्ताकाका डबा तसाच ठेवून बघत होते. घरी काकी कॅन्सरने अंथरुणाला खिळलेल्या, आणि आम्ही हे लावून बसलो होतो!

शेवटी काका एवढंच म्हणाले, "हा कॅमेरा धरून उभा. तिला कोणी धरलं होतं?"

*

रविवारी काका मला हरणीला घरी घेऊन गेले. एवढी वर्षं स्टुडिओ, पण काकींचा एकटीचा फोटो नव्हता! काकींना बसवत नव्हतं. काका मागे बसले आणि खांद्याला धरून त्यांना सावरलं. "हं, काढ."

मी नुसताच कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहिलो. काकी म्हणाल्या, "अरे, हनुवटी खाली घ्या म्हण ना! विसरलास?"

*

सोमवारी फोटो कॉम्प्युटरवर उघडला. हात सवयीने चालले. काकी कापल्या, मागे आकाशी रंग टाकला. हार निवडताना भानावर आलो. हार टाकला नाही. बाकी तसंच राहिलं.

संध्याकाळी प्रिंट घेऊन गेलो. काका औषधं आणायला गेले होते. काकींनी फोटो बराच वेळ पाहिला. मग फोटोतल्या आपल्या खांद्यावरून बोट फिरवलं.

"दीकरा, यांचा हात कुठे गेला?"