पोथीनं नाही, मी अडवलं

वैशाखरे गावच्या सुगंधाकाकींवर अन्याय झाला. गेल्या माघात, काकांच्या दहाव्याच्या आदल्या दुपारी. करणारी मी. कालपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं — आमच्या अंधश्रद्धाविरोधी गटातल्या पोरांना नाही, आईलाही नाही.

मला ओळखणारे म्हणतील, ही आणि गप्प? शहापूर-मुरबाडच्या बाजारांत मी पत्रकं वाटते. मुहूर्त, पंचक, सुतक, पिंडाचा कावळा — एकेकावर लिहिलंय, आणि जपून कधीच लिहिलं नाही. कॉलेजात संस्कृत घेतलं तेही समोरच्याची पोथी समोरच्याच्या तोंडावर वाचायला. कुठलं कर्म कुठल्या तिथीला, कुणाच्या हातून, हे ठरवणारा जाडजूड निर्णयग्रंथ त्यासाठीच पिशवीत घेऊन फिरायचे.

काका-काकींना मूल नव्हतं. शेजारी भावाचं घर. वाटण्या केव्हाच झालेल्या. पण काका अंथरुणाला खिळले तेव्हा त्या घरातून कुणी डोकावलंसुद्धा नाही. काका म्हणाले होते, माझं पाणी तू दे, त्या पुतण्याच्या हातचं नको. काकींनी हो म्हटलं होतं. काका गेले, आणि भावकीनं पुतण्यालाच पुढं केलं. बाईमाणूस पिंड देत नाही, पोथीतच नाही, म्हणाले.

मी भेटायला गेले तर काकींनी मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं.

"तुला वाचता येतं ना गो? मंग बघ. पोथीत माजा हक्क हाय का नाय, येवढंच सांग."

मी ग्रंथ उघडला. काय होतं तिथे? मुलगा, नातू, पणतू नसेल आणि नवरा भावांपासून वेगळा झालेला असेल, तर अधिकार बायकोचा. पुतण्या तिच्या मागून. मंत्र भटजींनी म्हणायचे, हात तिचा. दोनदा वाचलं. चुकीचं वाचलं, असं म्हणायची सोय नाही.

आता हेही ऐका. त्याच पिशवीत छापून आलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता, दुसऱ्या दिवशी नदीवर वाटायचा. वरची ठळक ओळ — 'बायकोला पिंडाला हात लावू न देणारी पोथी आम्ही जुमानत नाही.' ओळ माझी. ग्रंथ न उघडता लिहिलेली. मला पोथी वाईटच हवी होती. काकींच्या बाजूनं बोलणारी पोथी मला काय कामाची?

"नाही काकी," मी म्हटलं. "पोथीत तुमचा हक्क नाही."

आणि लगेच भाषण सुरू केलं. मोडा ही पोथी, उद्या पुढं व्हा, आम्ही पाठीशी आहोत. वाटलं, पेटून उठतील.

"नाय तर ऱ्हाऊ दे गो. मी हट्ट करंन, नि तिकडं त्यांची वाट अडंल."

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं पिंड मांडले. काकी लांब, बायकांत. कावळा शिवेना. माणसं एकेक शब्द द्यायला लागली — काकीला बघू, बांध सरकवणार नाही. खरं काय अडलंय ते काठावरच्या पोरांनाही ठाऊक होतं. कावळ्यावर माझं एक अख्खं पत्रक आहे, आणि मी आभाळाकडे बघत होते — ये रे, एकदा ये. नाही आला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. तेव्हासुद्धा तोंड उघडता आलं असतं. उघडलं का? मी पत्रकं वाटली.

त्या ग्रंथात बायकांबद्दल नको ते पुष्कळ आहे, आणि त्यावर मी पुढेही बोलणार आहे. पण ते इथे आडोशाला घेणार नाही. त्या दुपारी काकींना पोथीनं अडवलं नव्हतं.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं म्हणून काल वैशाखऱ्याला गेले. पान उघडून सगळं सांगितलं. काकी तांदूळ निवडत होत्या.

"तवाच वाचलं होतंस तू?"

हो म्हटलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "वरीसभर त्यांच्या फोटोकडं मान वर करून बगितलं नाय गो मी."

एवढंच. मग उठून आत गेल्या. मी ओट्यावरून उतरले आणि निघाले. या वेळी पिंड त्या देणार का, हे विचारायला तोंड नव्हतं.

ते पत्रक अजून घराघरांत असेल, कपाटात तळाला, नाहीतर दुकानात पुडी बांधायला. तुमच्याकडे असेल तर काढा. वरची ओळ खोडा, आणि तिथे लिहा — काकींना हिनं अडवलं. खाली माझं नाव छापलेलं आहेच.