घरातल्या घरात

भाच्याचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकात सिग्नलला थांबलो होतो. “मामा, आई गेली.” झोपेतच, हृदय बंद पडून. महिना होऊन गेला. तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण मला एकच सांगतोय : ताई किती सोशिक होत्या! हा शब्द उच्चारताना लोकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, त्याची मला आता किळस येते. सोशिक म्हणजे आपल्याला त्रास न देता मोडलेलं माणूस. दुसरं काय?

ताई हर्सूलला राहायची, तिथल्याच शाळेत शिकवायची. रोज सकाळी तलावाकडं झपाझप फेरी. मी मागं पडलो की, “चल रे, म्हाताऱ्या!” मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान.

कोविडात फुप्फुसांसाठी तिला स्टिरॉइडं घ्यावी लागली. पुढं वर्षभरानं जांघेत कळ यायला लागली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, खुब्यातल्या बॉलचा रक्तपुरवठा तुटलाय, हाड आतून मरतंय. पण बॉल अजून गोल आहे, खचलेला नाही. छिद्र पाडून आतला दाब काढू, कमरेचं थोडं हाड तिथं भरू. स्वतःचा सांधा वाचेल. मात्र दोन महिने तो पाय जमिनीला टेकवायचा नाही, वॉकर धरूनच चालायचं. ताईनं एवढंच विचारलं, “मग तलावावर जाता येईल ना?”

ऑपरेशन छान झालं. ती घरी आली आणि भेटायला येणारे सुरू झाले. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला जाणं हे पुण्यकर्म, आणि त्या पुण्याला चहा लागतो. दाजी सोफ्यावरून उठायचे नाहीत, फक्त मान वळवून म्हणायचे, “अगं, आत्या आल्यात.” नोकरीतून रिटायर झालेला, हातीपायी धड माणूस. त्याला गॅस कुठून पेटतो हे ठाऊक नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

आमची आत्या तर पोहे झाल्याशिवाय हलायची नाही. “हाडाला भोक पाडलं म्हणं? हाड हाय का भिंत?”

“भिंतच की, आत्या. आतून ओल लागली होती.” ताई आतून म्हणाली. सगळे हसले. मीसुद्धा.

वॉकर धरला तर ट्रे धरता येत नाही. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. ताई वॉकर स्वयंपाकघराच्या दाराशी सोडायची आणि कप हिंदकळू न देता, ओठ आवळून, दोन्ही पायांवर चालत यायची. आम्ही सातआठ जण ते बघत असायचो... आणि कप उचलायचो.

एकदा तिनं मला आत बोलावलं. “तू सांग की रे ह्यांना. माझं ऐकत नाहीत.” मी हो म्हणालो. बाहेर येऊन दाजींसमोर बसलो. माहेरच्या माणसानं जावयाला चार शब्द सुनावायचे नसतात, हे माझ्या हाडात मुरलेलं. “दाजी, जरा जपायला पाहिजे हं,” एवढंच बोललो. ते म्हणाले, “व्हय, जपतोच की.” संपलं माझं शौर्य.

पुढच्या एक्स-रेत बॉल खचला होता. डॉक्टर भडकले, “पायावर चालवलंत यांना?”

“नाय हो साहेब,” दाजी म्हणाले, “घरातल्या घरातच.”

मी शेजारीच उभा होतो. ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी एक्स-रेकडं पाहत राहिलो.

आता सांधा बदलणं हाच उपाय होता. पोराचं लग्न होऊ दे, म्हणत तिनं तो टाळला. मला तिचाही राग येतो. एकदा तरी ट्रे आपटायचा होता. ती लंगडत राहिली, तलावाचं नाव तिनं काढलं नाही.

परवा गेलो होतो. दाजी म्हणाले, “बस, सूनबाई चहा टाकील.” मी न बसता सरळ आत गेलो. “राहू दे गं, मी करतो,” म्हटलं. ओट्यापाशी स्टीलचं उंच स्टूल होतं. बॉल खचल्यावर दाजींनी कौतुकानं आणलेलं, तिला बसून स्वयंपाक करता यावा म्हणून! आमच्या खानदानाला सुचलेला हा एवढाच उपचार. दूध उकळेपर्यंत मी त्यावर टेकलो. तिथून हॉल सगळा दिसतो. सोफा, टीव्ही, दाजींची टाचेवर टाच ठेवलेली पावलं... आणि भिंतीकडची ती खुर्ची, जिच्यात दर वेळी मी बसायचो.