देवळापुढची दोन भाषणं

ऐंशीच्या दशकात मी शिरगावहून पालघरला कॉलेजात जायचे. आमच्या कोळीवाड्यातून बी.ए.पर्यंत पोचलेली मी पहिलीच मुलगी. इंग्रजीला एक जुनी शोकांतिका होती. राज्यकर्त्याचा खून होतो आणि त्याच्या प्रेतापाशी दोन पुढारी जमावासमोर बोलतात. सरांनी दोन्ही भाषणांची तुलना लिहून आणायला सांगितली. पहिला मारणाऱ्यांपैकीच, तो कारणं देतो, माझ्या इमानावर भरवसा ठेवा म्हणतो. दुसरा मेलेल्याचा मित्र. तो आधी मारणाऱ्यांना भले म्हणतो, मग रडतो, मग रक्ताळलेलं वस्त्र उघडून दाखवतो. लोक पेटतात. मी लिहिलं, दुसरं भाषण श्रेष्ठ.

त्याच आठवड्यात माझ्या मावशीचा नवरा समुद्रात बुडाला. शेजारच्या गावच्या ट्रॉलरने होडी उडवली, असं वाचलेला खलाशी सांगत होता. धुक्यात नीट दिसलं नाही, असंही तोच सांगत होता.

प्रेत सापडलं, अंत्यविधी झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाव देवळापुढे जमलं. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आधी बोलले. तक्रार, पंचनामा, कोर्ट. सगळं बरोबर होतं, पण लोक चुळबुळत होते. मग होडी चालवणारा एक तरुण तांडेल उभा राहिला.

"त्या गावचे लोक वाईट नाय. आपलेच भाऊ हायत."

थांबला. डोळे पुसले. आणि पिशवीतून काकांच्या अंगावरचा फाटका शर्ट काढून वर धरला.

पुढे काय होणार ते मला एकटीलाच ठाऊक होतं. माणसं कोयते आणायला धावली. कुणीतरी रॉकेलचा डबा आणला.

मावशी उठली. गर्दीतून वाट काढत गेली.

"दे तो इकडं."

"काकी, तुज्यासाठीच तर..."

"माज्यासाठी नको. त्यानं कदी कुनावर हात उचलला नाय. त्याचा कपडा दाखवून तुमी कुनाचं घर नाय जाळायचं."

शर्ट छातीशी धरून ती घरी गेली. निम्मे लोक तिच्यामागून परतले. उरलेल्यांनी त्या गावात जाऊन जाळी कापली. घर मात्र कुणाचं जळलं नाही. आमच्या पाच जणांवर केस झाली. ट्रॉलर कुणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी निबंध पुन्हा लिहिला. 'श्रेष्ठ'च्या जागी 'परिणामकारक' घातलं. सरांना फरक जाणवला नसावा.

महिन्याभरात मावशी सुकी मासळी घेऊन मनोरच्या बाजारात बसू लागली. त्या गावच्या बायका शेजारीच बसायच्या. बरेच दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मग एकदा त्यांच्यातलीच एक तिला म्हणाली, "पानी पी गो."

मावशीने तांब्या घेतला.